वाचलेलं पाणी गेलं कुठे? ठिबकच्या इतिहासातून संशोधनाचा एक धडा

आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी शेतकऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली होती. कमी पावसाच्या भागातले शेतकरी ठिबक सिंचनाकडे का वळतात आणि का वळत नाहीत, हा विषय. त्यात एक प्रश्न असा होता: 'ठिबक बसवल्यामुळे पाण्याची बचत झाली का? होय / नाही.' जवळपास सगळ्यांनी 'होय' सांगितलं. मी खूश! तक्ता भरला, टक्केवारी काढली, स्लाइडसुद्धा तयार केली.

मग एका शेतात प्रश्नावली मिटवून चहा पिताना सहज गप्पा निघाल्या. तेव्हा कळलं, की वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या पडीक तुकड्यात डाळिंब उभं राहिलंय. विहिरीवरची मोटर पूर्वी जितके तास चालायची तितकीच आताही चालते. माझ्या तक्त्यात मात्र 'बचत: होय'.

शेतकरी खोटं बोलला नव्हता. त्या जुन्या तुकड्याला खरंच कमी पाणी लागत होतं. अर्धाच प्रश्न विचारला होता तो मी. उरलेला अर्धा असा: वाचलेलं पाणी गेलं कुठे, आणि ते कोणाचं होतं?

या प्रश्नामुळे मी सर्वेक्षण थोडं बाजूला ठेवलं आणि इतिहासाकडे वळलो. तिथे जे सापडलं ते आज सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण शेती, पाणी, ग्रामीण विकास अशा विषयांवर प्रस्ताव लिहीत असतील आणि हीच चूक तुमचीही वाट बघत असेल.

आधी प्रश्न उलटा होता

आज सरकारी कागदांत तक्रार दिसते, की शेतकरी पाणी जास्त वापरतो. सुमारे १४० वर्षांपूर्वी तक्रार बरोबर उलटी होती: शेतकरी पाणी घेतच नाही!

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात कालव्यांच्या कामांना जोर आला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर हा त्याचा भाग. हेतू दुष्काळात पिकं वाचवण्याचा. पण बरा पाऊस झाला की ज्वारी-बाजरीला कालव्याचं पाणी विकत घ्यायला कोणी फारसं पुढे येईना. महसूल बुडतोय म्हणून अधिकारी वैतागले. शेतकरी जुन्या वळणाचा आहे, त्याला सुधारणा कळत नाही, असा सूर त्या काळच्या लिखाणात वारंवार भेटतो.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडा. ज्वारी पावसावर येते. पाणी दिलं तर पाणीपट्टी आली, खत जास्त लागणार, बैल आणि मजूर जास्त लागणार. पाऊस चांगला झाला तर हा सगळा खर्च वाया. आणि दुष्काळ पडला तर सगळे एकदम पाणी मागणार, तेव्हा ते आपल्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री काय? नकाराला कारण होतं, आणि ते पक्कं होतं.

मग कालव्यावर ऊस आला. सासवडच्या माळी समाजातले बागायतदार नीरेच्या पट्ट्यात आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागले, गूळ करू लागले. नगदी पिकाला वर्षभर पाण्याची हमी हवी होती आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारीही होती. काही वर्षांतच चित्र पालटलं. पाणी घ्या म्हणून मागे लागणारं खातं आता पाणी पुरत नाही म्हणू लागलं. उसाला भरमसाट पाणी मिळू लागलं, त्यामुळे काही जमिनी चिबडल्या, काही खारवटल्या.

त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या सेवेत अभियंता होते. ठरावीक क्षेत्राचा ब्लॉक पाडायचा, त्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, त्यातल्या साधारण एक-तृतीयांश भागात ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिकं घ्यायची, आणि ऊस फिरता ठेवायचा. म्हणजे पाणी थोड्या गावांत न साचता जास्त गावांना मिळेल. 'पाणी वाचवा आणि पसरवा' हा विचार आपल्याकडे ठिबकच्या नळीबरोबर आला, असं समजू नका. नळी यायच्या कितीतरी आधी तो नियमाच्या रूपात आला होता.

आणि सरकारी नियमाच्याही आधी तो लोकांच्या व्यवहारात होता. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवरची फड पद्धत बघा. बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांत विभागलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. जास्त पाण्याचं पीक कोणत्या फडात, हे दरवर्षी आलटून-पालटून ठरायचं. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं पाण्यावर लक्ष ठेवायची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. इथे वाचलेलं पाणी कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असायचं, कारण पाणी कोणा एकाचं नव्हतं.

मग विहीर आली, आणि हिशेब खासगी झाला

१९७२ चा दुष्काळ तुम्हाला आजी-आजोबांकडून ऐकून माहीत असेलच. त्यानंतरच्या काळात विहिरी, विजेचे पंप आणि पुढे बोअर झपाट्याने वाढले. कालव्याच्या पाण्यावर निदान कागदावर तरी सार्वजनिक हक्क होता. विहीर मात्र ज्याच्या रानात त्याची. तिच्यातलं पाणी खडकातून शेजाऱ्याच्या रानाखालून येतं, पण उपसणारा ते आपलंच समजतो. कायद्यानेही त्याला फार काळ अडवलं नाही.

ठिबक आलं ते या विहिरींच्या जगात. तंत्राचा जन्म इस्रायलचा. सिम्हा ब्लास या अभियंत्याने ते विकसित केलं आणि हात्झेरिम या किबुत्झच्या साथीने १९६५ मध्ये नेटाफिम ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडे १९८० च्या दशकात हे तंत्र मूळ धरू लागलं. १९८६-८७ च्या सुमारास महाराष्ट्राने ठिबकसाठी अनुदान सुरू केलं. अशी योजना आणणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी आपलं एक. भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कंपनीने ठिबकचे संच इथेच बनवायला आणि शेतकऱ्यांपर्यंत न्यायला सुरुवात केली. जळगावची केळी, नाशिकची द्राक्षं, सोलापूरचं डाळिंब या पिकांवर ठिबक आधी पसरलं.

आता नीट बघा, हे लोक ठिबककडे का वळले? पाणी वाचवून राज्याचं भलं करायचं म्हणून? नाही. त्यांची कारणं अगदी रानातली होती.

एक, उन्हाळ्यात विहीर तासाभरात उपसून कोरडी पडायची. तेवढ्या पाण्यात मोकाट पद्धतीने अर्धी बागही भिजत नसे, ठिबकने पूर्ण भिजायची. बाग जगणं की जळणं, इतका सरळ प्रश्न होता.

दोन, रात्रीची लाइट. शेतीपंपाला वीज रात्री मिळणार असेल, तर थंडीत चिखलात उभं राहून दारं धरायची, बॅटरी मारत साप-विंचू बघायचे. ठिबकमध्ये व्हॉल्व्ह फिरवला की काम झालं.

तीन, मजुरी. वाफे बांधणं, दारं धरणं, तण काढणं, सगळंच कमी झालं. खत पाण्यातून सोडता येऊ लागलं.

चार, उत्पादन आणि माल. मुळाशी रोज ओल राहिली की फळ एकसारखं येतं, आणि बाजारात भाव एकसारख्या मालाला.

पुण्याच्या गोखले संस्थेत असताना ए. नारायणमूर्ती यांनी १९९० च्या दशकात जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षं यांवर केलेला अभ्यास या विषयात पायाचा मानला जातो. पाणी आणि वीज कमी लागते, उत्पादन वाढतं आणि या पिकांत अनुदान न धरताही गुंतवणूक परवडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर एक साधा प्रश्न पडायला हवा: परवडतं, तर सगळे का घेत नाहीत? उत्तर बहुतेक वेळा 'जागृती नाही' हे नसतं. सुरुवातीचं भांडवल नसतं. 'आधी संच बसवा, बिल जोडा, मग अनुदान खात्यावर' अशी रीत असेल, तर हातात पैसा असलेलाच आधी पुढे जातो.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा शेजारच्या पश्चिम निमाडमध्ये आहे. लहानपणी आपण प्लास्टिकच्या नळीतली 'पेप्सी' खायचो, आठवतं? तिथल्या कापूस उत्पादकांनी त्याच पातळ नळीची गुंडाळी आणली, तिला भोकं पाडली आणि कपाशीच्या ओळींत अंथरली. नाव पडलं 'पेप्सी ठिबक'. एखादा हंगाम टिकायची, पण किंमत किरकोळ. शिल्प वर्मा आणि सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला आहे. आता सांगा, याला 'तंत्रज्ञान न स्वीकारणारा शेतकरी' म्हणायचं? तंत्र त्याने स्वीकारलंच होतं, नाकारली होती ती किंमत.

कालव्यावरच्या शेतकऱ्याची अडचण मात्र वेगळी. कालव्याची पाळी दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा येते आणि एकदम भरपूर पाणी देऊन जाते. ठिबकला रोज किंवा दिवसाआड, दाबाने, गाळलेलं, थोडं थोडं पाणी लागतं. मध्ये साठवायला विहीर किंवा शेततळं नसेल तर नळ्या काय कामाच्या? शिवाय पाणीपट्टी क्षेत्रावर आणि पिकावर ठरत असेल, तर कमी पाणी वापरून त्याचा एक रुपयाही वाचत नाही. म्हणून ठिबक मुख्यतः विहिरींवर वाढलं. कालव्याच्या उसावर ते रडतखडत आलं.

कागदावरची बचत आणि खडकातली बचत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक छोटं गणित करू. आकडे माझे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा, एक शेतकरी मोकाट पद्धतीने विहिरीतून १०० भाग पाणी उपसतो. त्यातले ६० पीक पितं, १५ ऊन-वाऱ्याने उडून जातं, २५ जमिनीत मुरून पुन्हा भूजलाला मिळतं. म्हणजे भूजलातून खरी घट ७५.

आता ठिबक आलं. त्याच पिकाला ६५ भाग पुरतात. पीक ६० पितं, ५ उडतं, मुरत काहीच नाही. कागदावर बचत ३५. पण भूजलाची घट ७५ वरून ६५ वर आली, म्हणजे खरी बचत फक्त १०.

पुढची पायरी बघा. उरलेल्या ३५ भागांवर त्याने ठिबकनेच नवा तुकडा भिजवला. उपसा पुन्हा १००. मोटर तितकीच चालली. पण आता परत मुरणारं पाणी शून्य. भूजलाची घट १००! आधी ७५ होती. शेतकरी जास्त कार्यक्षम झाला, त्याचं उत्पन्न वाढलं, आणि गावची पातळी आधीपेक्षा वेगाने खाली गेली. ज्याला आपण गळती म्हणत होतो, ती शेजाऱ्याच्या विहिरीची आवक होती.

प्रत्यक्षात किती पाणी मुरतं हे माती, खडक, उतार यांवर अवलंबून असतं, त्यामुळे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. पण शक्यता खरी आहे आणि नवी तर अजिबात नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: इंजिन कार्यक्षम झालं की कोळसा कमी नव्हे, जास्त जळतो. पाण्याच्या बाबतीत फ्रँक वॉर्ड आणि मॅन्युएल पुलिदो-वेलाझ्केझ यांनी २००८ मध्ये रिओ ग्रांदेच्या खोऱ्यावर, आणि क्वेंटिन ग्राफ्टन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हाच मुद्दा मांडला. आपल्याकडे ईश्वर काळे यांनी शेततळ्यांबद्दल दाखवलेली गोष्ट याच घरातली आहे: पावसाचं पाणी साठवण्यासाठी खोदलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात, म्हणजे सामायिक भूजल उपसून उघड्यावर, खासगी साठ्यात.

शेतकरी दोषी नाही, मग काय?

इथे घाईने 'ठिबक वाईट' असा निष्कर्ष काढू नका. मीही काही महिने त्या टोकाला गेलो होतो. पण मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या ज्या कुटुंबाची बाग ठिबकने जगली, त्याला हे सांगून बघा! वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर भिजवणं हा गुन्हा नव्हे. कर्ज, लग्न, शिक्षण यांच्या हिशेबात तेच शहाणपण आहे. प्रश्न त्याच्या शहाणपणाचा नाही. त्याने पाणी जमिनीत ठेवलं, तर उद्या शेजाऱ्याचा बोअर ते ओढणार नाही याची हमी कोणी दिली आहे?

अशी हमी द्यायचे प्रयत्न झालेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा विचार उभा केला. त्याचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकराचं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं पाणी. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस नाही. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने सिंचनासाठी बोअर बंद केले, जास्त पाण्याची पिकं टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. अशा गावात ठिबकने वाचलेलं पाणी खरोखर वाचतं, कारण ते कुठे जाणार यावर गावाची नजर असते.

सरकारी कागदांतही हा विचार येऊन गेला आहे. वि. म. दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीने १९७९ मध्ये आठमाही पाणीवाटपाची शिफारस केली: बारमाही पिकांऐवजी खरीप आणि रब्बीला पाणी, म्हणजे जास्त शेतकऱ्यांना पाणी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तरतूद आहे, की अधिसूचित क्षेत्रात ठिबक किंवा तुषार सिंचन नसेल तर बारमाही पिकाला कालव्याचं पाणी मिळणार नाही. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचं करायचा निर्णय घेतला, त्यासाठी शेतकऱ्याला २ टक्के व्याजाने कर्ज देण्याचंही ठरलं. निर्णय कागदावरून शिवारात फार थोडा उतरला. अनुदानाची नळी मात्र गावोगाव पोहोचली. देणं सोपं, नियम पाळायला लावणं अवघड.

माझ्या संशोधनाचा आजवरचा मुद्दा इतकाच आहे. शेतकऱ्याला ठिबककडे वळायला मदत करणं म्हणजे नळी देणं आणि नळीतून वाचलेल्या पाण्याचा करार करणं. पहिलं अर्धं काम आपण चाळीस वर्षं करतोय. दुसरं अर्धं फडाला माहीत होतं, पाणी पंचायतीला माहीत होतं, आणि अनुदानाच्या अर्जात त्यासाठी रकानाच नाही.

तुमच्यासाठी चार गोष्टी

संशोधनाची तयारी करताय, तर यातून एवढं घेऊन जा.

१. विषयातला सगळ्यात निरागस शब्द आधी संशयाने बघा. माझ्या विषयात तो 'बचत' होता. तुमच्या विषयात 'विकास', 'सहभाग' किंवा 'जागृती' असेल. कोणाची? कशाच्या तुलनेत? कोणी मोजली? हे तीन प्रश्न विचारा.

२. 'लोक स्वीकारत नाहीत' असं वाक्य स्रोतात दिसलं की थांबा. ते लिहिणारा कोण आहे ते बघा. नीरेच्या कालव्यावर तो महसूल मोजणारा अधिकारी होता. मग त्याच नकाराचा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने मांडून बघा.

३. आजच्या प्रश्नाचा जुना अवतार शोधा. द. रा. गाडगीळ यांचा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरचा १९४८ चा अहवाल वाचा. डोनाल्ड अ‍ॅटवूड यांचं 'रेझिंग केन' वाचा. मुंबईच्या पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी दप्तरं आहेत, तिथे आठवडाभर बसा. सुरुवातीला काहीच कळणार नाही, तरी बसा.

४. प्रश्नावली मिटवल्यानंतरचा चहा टाळू नका. माझ्या प्रबंधाचा प्रश्न मला तिथेच मिळाला.

माझी नवी प्रश्नावली आता तयार आहे. जुना प्रश्न काढून टाकलेला नाही, फक्त त्याखाली तीन ओळी वाढवल्या आहेत: वाचलेल्या पाण्याचं काय केलं? मोटर आता किती तास चालते? आणि तुम्ही पाणी विहिरीत तसंच ठेवलं असतं, तर पुढच्या वर्षी ते तुम्हालाच मिळालं असतं का?

तिसऱ्या ओळीला 'होय / नाही'चे रकाने ठेवलेले नाहीत. तिथे मी अर्धं पान कोरं सोडलंय.